चू. भू. द्या. घ्या.

केरबा मुनीमांनी संमतीपत्रावर सही केली
आणि सहीखाली, हाताच्या सवयीनं,
बारीक अक्षरात लिहिलं: चू. भू. द्या. घ्या.
परभणीच्या मोंढ्यात तीस वर्षं
सोयाबीनच्या, तुरीच्या पट्ट्या लिहिलेला हात;
कागद संपला की असाच थांबतो.
मी खोडलं नाही.
पण वाचलं, दोनदा.

मुलगी दैवशाला. पाचव्या वर्षी कणगीवरून
हनुवटीवर पडली,
तेव्हा जबडा मिटला तो मिटलाच.
चौदा वर्षं, पडलेल्या दाताच्या फटीतून
दुधात कुस्करलेली भाकर आत ढकलते.
माझं बोटसुद्धा जात नाही तिच्या तोंडात.
जांभई तिनं फक्त दुसऱ्यांची पाहिलेली.

भूल. मराठीत एकच शब्द.
आम्ही ती देतो.
ती आमच्याकडून होते.

"काही खाल्लंस?" मान हलली, नाही.
"चहा?" नाही.
तिसऱ्यांदा मी तिच्या आईला विचारलं, वेगळं:
"पहाटे लेकराच्या पोटात काय गेलं?"
"नुस्तं दूध, म्हशीचं, कपभर. खाल्लं कुठं काय?"
ऑपरेशन उद्यावर.
मामा चिडला. गंगाखेडहून जीप भाड्यानं आणलेली,
दुसऱ्या दिवसाचं भाडं कोण देणार?
म्हणाला, कपभर दुधानं काय होतं?
बहुतेक वेळा काही होत नाही.
तेच तर त्या दुधाचं वाईट आहे.

मला एक पोरगा आठवतो. गावाचं नाव सांगणार नाही.
अक्कलदाढ, खुर्चीतच, थोडं झोपेचं इंजेक्शन.
टोचणारी मी, कापणारी मी, बघणारीही मीच,
म्हणजे कुणीच बघत नव्हतं.
ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले तेव्हा
दाढ निघतच आली होती,
म्हणून मी आणखी एक क्षण घेतला.
पोरगा वाचला. आता एसटीत कंडक्टर आहे म्हणे.
त्या क्षणाची पावती माझ्याकडे आहे.
तिच्याखाली काहीही लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काझी मॅडम तिच्या उशाशी.
सिद्रामनं सिलिंडरचा काटा पाहिला, राखीव सिलिंडरचा पाहिला,
जनरेटर एकदा चालू करून बंद केला.
मानेवर मी शाईनं रेघ ओढून ठेवली:
जायचं नाही अशी वाट, पण माहीत असलेली.
"आधी नळी, मग झोप," मॅडम म्हणाल्या.
नाकात बधिराचं औषध, थेंब थेंब.
दुर्बिणीची काळी दोरी हळूहळू आत.
दैवशाला जागी, डोळ्यांतून पाणी, मुठीत मॅडमचा पदर.
"श्वास घे गं, चुलीत फुंकण्याआधी घेतेस तसा."
आणि पडद्यावर पहिली टेकडी उगवली,
मग दुसरी, सपाट माथ्याची,
गंगाखेडच्या पलीकडं बालाघाट दिसतो तशी रांग.
मगच भूल.

सांधा सुटला, तोंड उघडलं, घशात पट्टी बसली.
सिद्राम मोठ्यानं: "पट्टी एक, आत."
फळ्यावर लिहिलं.
साडेतीन तास मी फक्त हाड पाहिलं.
टेकड्यांकडे एकदाही मान वळवली नाही;
त्यांच्यासाठी माणूस होतं.
"पट्टी एक, बाहेर."
फळा पुसला.
नळी मात्र लगेच नाही. तिनं डोळे उघडून
आमच्यावर नीट वैतागेपर्यंत थांबलो.

संध्याकाळी मुनीम दाराशी उभे.
"काय झालं?"
"काही झालं नाही," मी म्हणाले.
त्यांना ते उलगडायला वेळ लागला,
जसा जुळलेला हिशेब माणूस पुन्हा एकदा बघतो.

आत दैवशालाला जांभई आली,
दुखरी, अर्धी, वाकडी.
काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.
आई घाईघाईनं तिच्या तोंडापुढं
चुटक्या वाजवत होती.